आकाशाचा विलंब आणि माणसाचा विलंब

२०१४ सालच्या जुलै महिन्याच्या मध्यास फर्मी या उपग्रहाने आकाशाच्या एका कोपऱ्यात गॅमा किरणांचा जोरदार उद्रेक नोंदविला. सुमारे सात अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेच्या गर्भातून तो आला होता. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा या बेटावर ‘मॅजिक’ नावाच्या दोन प्रचंड दुर्बिणी अशाच उद्रेकांच्या शोधात असतात. पण त्या रात्री त्या निरुपयोगी ठरल्या. कारण अगदी साधे होते. आकाशात पौर्णिमेचे चांदणे होते, आणि या दुर्बिणी ज्या अतिमंद प्रकाशाचा वेध घेतात तो त्या चांदण्यात बुडून जातो.

आकाशातील घटना एकदा हुकली म्हणजे कायमची हुकली, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या वेळी मात्र शास्त्रज्ञांनी हात चोळत बसण्याचे कारण नव्हते. तोच उद्रेक सुमारे साडेअकरा दिवसांनी पुन्हा दिसणार, हे त्यांना आधीच ठाऊक होते. चंद्र मावळता होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, दुर्बिणी त्या दिशेला रोखल्या, आणि २५ जुलैच्या सुमारास अपेक्षेप्रमाणे तो प्रकाश येऊन पोचला. पहिले टपाल हुकले तरी त्याच मजकुराचे दुसरे टपाल लांबच्या वाटेने यावे, तसा हा प्रकार घडला.

यात चमत्कार काहीच नाही. ही दीर्घिका आणि पृथ्वी यांच्या दरम्यान दुसरी एक दीर्घिका उभी आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागून येणारा प्रकाश वाकतो आणि दोन वाटांनी आपल्यापर्यंत पोचतो. काचेचे भिंग जे करते तेच येथे एक संपूर्ण दीर्घिका करते. म्हणून शास्त्रज्ञ तिला गुरुत्वीय भिंग म्हणतात. दोन्ही वाटांची लांबी सारखी नसते, आणि वस्तुमानाच्या जितके जवळून जावे तितका प्रकाशाला अधिक वेळ लागतो. सात अब्ज वर्षांच्या प्रवासात या दोन वाटसरूंमध्ये अंतर पडले ते अवघे साडेअकरा दिवसांचे! २०१२ सालच्या उद्रेकांच्या फर्मीने घेतलेल्या नोंदींवरून हे अंतर ११.४६ दिवस असल्याचे शास्त्रज्ञांनी ठरविले होते. दोन वर्षांनी ते भाकीत कसोटीला उतरले.

या भिंगाच्या कल्पनेचा इतिहासही उद्बोधक आहे. सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. महायुद्धाची राख अजून निवली नव्हती, आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा इंग्रज शास्त्रज्ञांनी घ्यावी, यातच विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपाची साक्ष होती. पुढे रुडी मांडल नावाचा एक चेक अभियंता आइन्स्टाइनकडे गेला. तो काही नामांकित शास्त्रज्ञ नव्हता. एक तारा दुसऱ्या ताऱ्याचे भिंग होऊ शकेल काय, हा प्रश्न मात्र त्याने सोडला नाही. त्याच्या आग्रहाखातर आइन्स्टाइनने १९३६ साली एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. असा देखावा प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही, असे त्यात नमूद होते. टिपणाला फारसे मोल नाही, पण त्या बिचाऱ्याचे समाधान होईल, अशा आशयाचे पत्रही आइन्स्टाइनने संपादकाला लिहिले होते. पुढल्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी एकेकट्या ताऱ्याऐवजी अख्ख्या दीर्घिका भिंगे म्हणून सापडतील असे प्रतिपादन केले. १९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना आकाशात जुळा क्वासार दिसला आणि झ्विकी यांचे म्हणणे खरे ठरले. म्हणजे ज्या प्रश्नाला प्रत्यक्ष आइन्स्टाइनने फारसे महत्त्व दिले नव्हते, तो एका अनामिक माणसाच्या चिकाटीने जिवंत राहिला होता. ज्ञानाच्या दारावर कोणाची थाप पडावी, हे पदवी पाहून ठरत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आकाशाने केलेला विलंब हा असा आहे. तो नियमाने होतो, त्याचे गणित मांडता येते, आणि त्यातून ज्ञान वाढते. माणसाने केलेल्या विलंबाची कथा मात्र वेगळी आहे, आणि ती याच गॅमा किरणांच्या इतिहासात नोंदलेली आहे.

१९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. करार झाला तरी परस्परांवर विश्वास कोणाचाच नव्हता. प्रतिपक्षाने चोरून अणुस्फोट केला तर त्यातून निघणारे गॅमा किरण पकडावेत, या हेतूने अमेरिकेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ‘वेला’ नावाचे टेहळणी उपग्रह सोडण्यास आरंभ केला. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी खरोखरच गॅमा किरणांचा एक झोत टिपला. मात्र अणुस्फोटाची खूण त्याच्यात नव्हती. पुढे अधिक अचूक उपकरणे असलेले उपग्रह वर गेले, तसे असे आणखी झोत सापडले. ते पृथ्वीवरून येत नव्हते, सूर्यावरूनही येत नव्हते. ते दूरच्या आकाशातून येत होते. लॉस अलामॉस येथील क्लेबसडेल, स्ट्राँग व ओल्सन या शास्त्रज्ञांनी अशा सोळा झोतांची माहिती जगापुढे ठेवली ती जून १९७३ मध्ये. पहिल्या नोंदीला तेव्हा जवळजवळ सहा वर्षे होत आली होती.

या सहा वर्षांचा सगळा दोष गुप्ततेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. शास्त्रज्ञांना दिशा निश्चित करावयाची होती, चुकीच्या शक्यता दूर करावयाच्या होत्या. तो शास्त्राचा स्वाभाविक सावधपणा होता. परंतु मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. विश्वातील एका महान घटनेची नोंद लष्करी पहाऱ्याच्या दप्तरात पडून होती आणि त्या दप्तरापर्यंत जगातील इतर खगोलशास्त्रज्ञांचा हात पोचत नव्हता. ज्या नोंदी शंभर जणांनी तपासावयाच्या, त्या मूठभरांनी तपासल्या. प्रश्न व्यक्तींच्या सचोटीचा नाही. ज्ञान कोणाच्या मालकीच्या उपकरणातून येते आणि कोणाच्या कपाटात जाते, हा प्रश्न आहे.

दारे उघडल्यावर काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी शुक्राकडे निघालेल्या व्हेनेरा यानांवर उपकरणे बसविली आणि १९७८ नंतर असे कितीतरी झोत मोजले. १९९१ साली अमेरिकेने कॉम्प्टन ही वेधशाळा अंतराळात पाठविली; तिच्यावरील एका उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ झोत नोंदविले. ते आकाशाच्या सर्व दिशांना सारखेच विखुरलेले असल्याचे आढळले. याचा अर्थ त्यांचा उगम आपल्या आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत नसावा. १९९७ च्या फेब्रुवारीत इटली व नेदरलँड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहाने एका झोताचा मागे उरलेला मंद प्रकाश शोधून काढला, आणि त्याच वर्षी हे झोत अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे असल्याचे सिद्ध झाले. मृत्यू पावणारे महाकाय तारे, एकमेकांवर आदळणारे न्यूट्रॉन तारे यांच्याशी त्यांचा संबंध आज जोडला जातो. शीतयुद्धाच्या संशयातून जन्मलेला प्रश्न अनेक देशांच्या उघड सहकार्यातून सुटत गेला.

तथापि गॅमा किरणांच्या आकाशातील सर्व कोडी सुटलेली नाहीत. क्षणभर भडकून विझणाऱ्या झोतांखेरीज वर्षानुवर्षे गॅमा किरण ओतणारी उगमस्थानेही तेथे आहेत. १९७२ साली सापडलेले असे एक ठिकाण वीस वर्षे शास्त्रज्ञांना चकवीत राहिले. त्या जागी दुसऱ्या कोणत्याही प्रकाशात काही दिसेना. इटालियन शास्त्रज्ञांनी त्याला ‘गेमिंगा’ असे नाव दिले. मिलानच्या बोलीत त्याचा ध्वनी ‘ते तेथे नाहीच’ असा निघतो. अखेर १९९२ साली तो सेकंदाला चार वेळा फिरणारा एक स्पंदक तारा असल्याचे उघड झाले. फर्मी उपग्रहाच्या पहिल्या आठ वर्षांच्या नोंदींवरून तयार झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत ५,०६४ उगमस्थाने आहेत. त्यांपैकी १,३३६ स्थाने नेमकी कशाची, याचा मेळ इतर कोणत्याही प्रकाशातील वस्तूशी लागलेला नव्हता. म्हणजे शंभरातील सव्वीस दिवे कोणाच्या घरचे, याचा पत्ता नाही!

याचे कारण गॅमा किरणांच्या स्वभावात आहे. ते इतके ऊर्जावान असतात की काचेच्या भिंगाने ते वाकत नाहीत आणि साध्या आरशाने परावृत्त होत नाहीत. त्यामुळे गॅमा दुर्बिणीला आकाश धूसर दिसते. तिने दाखविलेल्या एका ठिपक्यात इतर दुर्बिणींना अनेक तारे आणि दीर्घिका दिसतात. त्यांतला नेमका कोणता, हे ठरविणे दुरापास्त होते. आरंभी सांगितलेल्या उद्रेकाच्या दोन प्रतिमांमध्ये एका विकलेच्या केवळ एक तृतीयांश एवढेच अंतर आहे. फर्मीला त्या वेगळ्या दिसणे अशक्यच. पण डोळ्यांना जे वेगळे करता आले नाही ते घड्याळाने केले. पहिला उद्रेक आणि त्याचा साडेअकरा दिवसांनंतरचा प्रतिध्वनी यांवरून दोन वाटा ओळखता आल्या. माणसाला जे भिंग घडविता येत नाही ते निसर्गाने स्वतःच आकाशात मांडून ठेवले आहे. तो उद्रेक कृष्णविवराच्या किती जवळ झाला, याचा अंदाज घेण्यासाठीही या विलंबाचा उपयोग होऊ लागला आहे.

भिंग आणि गॅमा किरण यांची आणखी एका ठिकाणी गाठ पडते. दीर्घिकांचे समूह प्रकाशाला किती वाकवितात हे मोजले असता, दिसणाऱ्या वस्तुमानापेक्षा कितीतरी अधिक वस्तुमान तेथे असले पाहिजे, असा हिशेब निघतो. हे न दिसणारे द्रव्य कशाचे बनलेले आहे? आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून अपेक्षेहून अधिक गॅमा किरण येतात, हे २००९ पासून चर्चेत आहे. काहींच्या मते ती कृष्णद्रव्याची खूण आहे; काहींच्या मते तेथे न दिसणाऱ्या वेगवान स्पंदकांची गर्दी आहे. वाद मिटलेला नाही. तो मिटेल तो अधिकाराने नव्हे, तर उघड्या नोंदींवर उघडपणे केलेल्या विचाराने.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. या सर्व उद्योगाचा खर्च कोणी करावयाचा? बाजारपेठ तो करणार नाही, हे उघड आहे. सात अब्ज प्रकाशवर्षांवरील उद्रेक विकता येत नाही. मूलभूत संशोधनाचा लाभ साऱ्या समाजाला होतो, परंतु खर्च करणाऱ्याच्या पदरात त्यातील अल्पांशच पडतो. म्हणून केवळ नफ्यावर विसंबणारी व्यवस्था अशा संशोधनावर समाजाच्या गरजेपेक्षा नेहमीच कमी खर्च करील, असे रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ साली आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ साली दाखवून दिले. हे दोघे भांडवलशाही देशाचेच अर्थशास्त्रज्ञ होते, हे विसरता कामा नये. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. परंतु एका दिव्यावर दुसरा दिवा लावल्याने पहिल्याचे तेज उणावत नाही. ज्ञान हे दिव्याच्या जातीचे आहे. त्याला कुंपण घालणे म्हणजे कृत्रिम टंचाई निर्माण करणे होय; आणि टंचाई निर्माण करून लाभ उठविणाऱ्याला धान्याच्या बाजारात साठेबाज म्हणतात.

फर्मी उपग्रहाने या बाबतीत चांगला पायंडा पाडला. २००८ साली तो वर गेला. पहिल्या वर्षानंतर त्याच्या नोंदी कोणालाही विनामूल्य खुल्या करण्यात आल्या. वेला आणि फर्मी हे दोन्ही एकाच देशाचे, दोन्ही करदात्यांच्या पैशाने झालेले. एकाच्या नोंदी जगापर्यंत यायला सहा वर्षे लागली. दुसऱ्याच्या नोंदी दूरच्या देशातील विद्यार्थीही वाचू शकतो. फरक आहे तो समाजाने घातलेल्या अटींचा.

भारताचा या विषयाशी असलेला संबंध जुना आणि मानाचा आहे. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणात शिरले की त्यातून निळसर प्रकाशाची क्षणिक लकेर उमटते. ती जमिनीवरून टिपता येते, हे १९५३ साली इंग्लंडमध्ये गॅलब्रेथ व जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात एक आरसा बसवून प्रथम दाखविले. १९६९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उटी येथे सर्चलाइटचे आरसे घेऊन हेच काम आरंभिले. शत्रूची विमाने शोधण्यासाठी जे आरसे घडविले जातात ते ताऱ्यांकडे वळविण्यात आले, यापेक्षा अधिक चांगले निःशस्त्रीकरण कोणते? ऐंशीच्या दशकात त्याच संस्थेत डॉ. शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि के. सुब्रमणियन यांनी गुरुत्वीय भिंगांचे सैद्धांतिक विवेचन केले. १९८८ साली प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी धनू राशीतील एका रेडिओ उगमस्थानाची जोडरचना दाखवून ती गुरुत्वीय भिंगाची करामत असावी असे सुचविले. तेच स्थान आज गॅमा किरणांच्या आकाशातील एक प्रखर भिंगित दीर्घिका म्हणून ओळखले जाते.

त्याच परंपरेत, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लडाखमधील हानले येथे ‘मेस’ या गॅमा दुर्बिणीचे उद्घाटन झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातील उद्योगांच्या साहाय्याने ती उभारली. तिच्या आरशाचा व्यास २१ मीटर आहे, आणि सुमारे ४,३०० मीटर उंचीवर असल्यामुळे ती आपल्या प्रकारची जगातील सर्वांत उंचावरील दुर्बीण ठरली आहे. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. पण केवळ अभिमानावर समाधान मानणे हा आळसाचा एक सभ्य प्रकार असतो.

गरीब देशाने असल्या गोष्टींवर पैसा का खर्च करावा, असा आक्षेप कळकळीची माणसे घेतात. ज्या देशात मूल उपाशी झोपते तेथे आकाशातील दिव्यांचे पत्ते कशाला शोधावयाचे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर ‘यातून पुढे काही उपयुक्त निघेल’ असे देणे हा पळपुटेपणा होईल. खरे उत्तर हिशेबात आहे. २०२०–२१ साली संशोधन व विकास यांवर भारताचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता, आणि त्यातही संरक्षणाचा वाटा मोठा. उपाशी मुलाच्या तोंडचा घास दुर्बीण पळवीत नाही. तो पळविणारे हात वेगळे आहेत, आणि ते झाकण्यासाठीच पुष्कळदा दुर्बिणीकडे बोट दाखविले जाते. शिवाय गरिबाच्या मुलाला फक्त पोट असते आणि कुतूहल असते ते सुखवस्तूंच्या मुलांना, असे गृहीत धरणे हीसुद्धा एक प्रकारची वर्णव्यवस्थाच आहे. भाकरी हा त्याचा हक्क आहे आणि आकाशही त्याचाच हक्क आहे. एकासाठी दुसरा गहाण टाकण्यास त्याला कोणी सांगू नये.

परंतु हे उत्तर देणाऱ्याने आपल्यावरील जबाबदारीही मान्य केली पाहिजे. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनाला तीन अटी लावल्या पाहिजेत. पहिली अशी की ठराविक मुदतीनंतर सर्व नोंदी खुल्या झाल्या पाहिजेत. आणि अणुऊर्जा खात्यासारख्या, गुप्ततेची सवय असलेल्या खात्याच्या छत्राखाली दुर्बीण उभी असेल तर ही अट लेखी व निःसंदिग्ध असली पाहिजे. दुसरी अट अशी की या नोंदी वापरण्याची साधने व शिक्षण जिल्ह्याच्या महाविद्यालयापर्यंत पोचले पाहिजे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभारली ती विद्यापीठांना सामायिक साधने मिळावीत म्हणूनच. तो विचार पुण्यापाशी थांबून चालणार नाही. तिसरी अट भाषेची. २०२५ साली निवर्तलेल्या नारळीकरांनी विश्वाचे ज्ञान मराठीत सांगण्यात कधी कमीपणा मानला नाही. जे ज्ञान लोकांच्या पैशाने मिळते पण लोकांच्या भाषेत येत नाही, ते दप्तरात न घालताही गुप्तच राहते.

ला पाल्मावरील शास्त्रज्ञांना दुसरी संधी मिळाली, कारण तेथे निसर्गाने भिंग मांडले होते आणि पहिली वार्ता कोणी दडवून ठेवली नव्हती. यांतील पहिली गोष्ट माणसाच्या हाती नाही, दुसरी सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. प्रकाशाला लांबच्या वाटेने यायला साडेअकरा दिवस लागले, याबद्दल कोणाची तक्रार असू शकत नाही. वर आलेला प्रकाश खाली माणसांपर्यंत पोचायला मात्र जेव्हा वर्षे लागतात, तेव्हा तो विलंब कोणाच्या सोयीसाठी झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. हानलेच्या थंड माळावर उभ्या असलेल्या दुर्बिणीबद्दलही तो आज, तिच्या पहिल्याच वर्षांत, विचारला गेला पाहिजे.